तळं कुणाचं? : विचुवकोव्स्कींची तात्रा पर्वतातली बर्फाची चित्रं

युरोपातली आधुनिक चित्रकला म्हटली की आपली गाडी बहुतेक वेळा पॅरिसच्या स्टेशनावरच थांबते. मोने, सेझान, गोगँ, व्हॅन गॉग एवढी नावं झाली की आपल्याला वाटतं, झाला प्रवास. आज आपण जरा पुढे जाणार आहोत, पूर्वेला, पोलंडच्या दक्षिण टोकाला. तिथं तात्रा नावाचे पर्वत आहेत. कार्पेथियन डोंगररांगेतला हा सर्वांत उंच भाग. आणि या पर्वतांतल्या एका तळ्याची, भोवतालच्या कड्यांची आणि त्यांवरच्या बर्फाची चित्रं लेऑन विचुवकोव्स्की या चित्रकारानं १९०४ ते १९०६ च्या सुमारास पुन्हा पुन्हा काढली. (पोलिश लिपीत या नावात एक तिरपी रेघ मारलेला 'ल' असतो, त्याचा उच्चार 'व'सारखा होतो. म्हणून आम्ही 'विचुवकोव्स्की' म्हणतो आहोत. पुस्तकांत तुम्हाला 'विचोल्कोव्स्की' असंही सापडेल, गोंधळू नका.)

ही चित्रं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, छान आहेत, पण यात काय एवढं? खडक आहेत, बर्फ आहे, खाली गर्द पाणी आहे. माणूस नाही, घर नाही, गोष्ट नाही. कॅलेंडरवर शोभतील अशी. आजच्या व्याख्यानात आपल्याला एवढंच करायचं आहे : ती कॅलेंडरवरची चित्रं का नाहीत, ते नीट बघायचं.

आधी जागा समजून घेऊ, कारण जागा कळल्याशिवाय चित्र कळत नाही. तळ्याचं नाव 'मोर्स्किए ओको', म्हणजे समुद्राचा डोळा. हे तळं जमिनीखालच्या वाटेनं समुद्राला जोडलेलं आहे अशी जुनी लोककथा आहे. समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,४०० मीटर उंचीवर, साधारण ३५ हेक्टर पसरलेलं, पन्नासेक मीटर खोल. त्याच्या मागच्या कड्यावर, सुमारे १९० मीटर वर, दुसरं तळं आहे : 'चार्नी स्ताव', म्हणजे काळं तळं. त्याच्याही मागे रिसी हे शिखर, २,४९९ मीटर, आजच्या पोलंडमधलं सर्वांत उंच ठिकाण. आणि एका बाजूला 'म्निख' नावाचा सुळका. म्निख म्हणजे मठातला संन्यासी. डोक्यावर टोपडं ओढून उभा असल्यासारखा तो दिसतो.

आता बर्फाबद्दल एक गोष्ट. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बर्फ पाहिलेला असतो तो सिनेमात, नाहीतर मनालीच्या सहलीत. त्यामुळे बर्फ म्हणजे सगळीकडे सारखी पांढरी चादर असं चित्र आपल्या मनात बसलेलं असतं. तात्रामध्ये तसं नसतं. कडे इतके सरळ आहेत की तिथं बर्फ टिकत नाही, तो घसरून खाली घळींत साठतो. या दरीचं तोंड उत्तरेला आहे, त्यामुळे मागच्या कड्यांच्या सावलीतल्या घळींत बर्फाचे पट्टे उन्हाळ्यातसुद्धा शिल्लक असतात. म्हणजे इथं बर्फ डोंगराला झाकत नाही. उलट डोंगर कुठं खचला आहे, कुठं चिरला आहे, कुठं त्याला खांदा आहे, हे बर्फ दाखवून देतो. चित्रकाराच्या दृष्टीनं हा फार मोठा फरक आहे. पांढरा रंग इथं रिकामी जागा भरायला येत नाही, तो रेखाटनाचं काम करतो.

आता जरा चित्रापासून दूर जाऊ. थोडा धीर धरा, परत येणारच आहोत.

१९०५ साली पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता, आणि तो पुन्हा उभा राहिला थेट १९१८ मध्ये. म्हणजे विचुवकोव्स्की १८५२ मध्ये जन्मले तेव्हा देश नव्हता, आणि ते पासष्टी ओलांडेपर्यंत नव्हता. तिघांपैकी ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या भागाला गॅलिसिया म्हणत. तिथं १८६० च्या दशकानंतर बरीच स्वायत्तता मिळाली. शाळा, विद्यापीठं, कचेऱ्या पोलिश भाषेत चालू लागल्या. त्यामुळे गॅलिसियातलं क्राकोव हे शहर साऱ्या पोलिश लोकांच्या कलेचं केंद्र झालं. आणि क्राकोवहून दक्षिणेला दिसणारे, तिघांच्या वाटणीत ऑस्ट्रियाकडे आलेले हे तात्रा पर्वत पोलिश मंडळींचे लाडके झाले. १८७३ मध्ये तात्रा मंडळ स्थापन झालं. डॉक्टर, लेखक, चित्रकार झाकोपाने या डोंगराखालच्या गावाला जाऊ लागले. १८९९ मध्ये तिथवर रेल्वे आली.

पण या तळ्याच्या मालकीवरून भांडण होतं. आणि हे भांडण मोठं मजेशीर आहे, कारण दोन्ही पक्षांचा राजा एकच होता. ऑस्ट्रिया-हंगेरी हे जोडराज्य, सम्राट फ्रान्झ योझेफ. गॅलिसिया ऑस्ट्रियाच्या अर्ध्यात, डोंगरापलीकडचा मुलूख हंगेरीच्या अर्ध्यात. हद्द या तळ्याच्या अलीकडून जाते की पलीकडून, यावर एकमत नव्हतं. १८७९ मध्ये होहेनलोहे नावाच्या एका जर्मन राजपुत्रानं हंगेरीच्या बाजूची याव्होरिना ही जहागीर शिकारीसाठी घेतली आणि तळ्याकाठची जमीन आपली असल्याचं सांगायला सुरुवात केली. दहा वर्षांनी, १८८९ मध्ये, व्वादिस्वाव झामॉयस्की या पोलिश सरदारानं झाकोपानेची जहागीर लिलावात विकत घेतली. तो म्हणाला, जमीन माझी. मग वनरक्षक, पोलीस आणि स्थानिक डोंगरकरी यांच्यात खटके उडू लागले. वृत्तपत्रं पेटली. ज्यांनी तळं कधी पाहिलंही नव्हतं, अशा वॉर्सातल्या लोकांनाही ते आपलं वाटू लागलं.

शेवटी प्रकरण लवादाकडे गेलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात १९०२ मध्ये सुनावणी झाली. अध्यक्ष म्हणून स्वित्झर्लंडचे न्यायाधीश योहानेस विंकलर यांना बोलावलं होतं. गॅलिसियाची बाजू मांडली ओस्वाल्ड बाल्झर यांनी. हे ल्वुफ विद्यापीठातले कायद्याच्या इतिहासाचे प्राध्यापक. जुने दस्तऐवज, जुने नकाशे घेऊन ते उभे राहिले. १३ सप्टेंबर १९०२ ला निकाल लागला : तळं गॅलिसियाचं. आज झाकोपानेहून तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला बाल्झर यांचंच नाव आहे. एका प्राध्यापकाच्या युक्तिवादाचं असं स्मारक फार ठिकाणी बघायला मिळत नाही!

विचार करा, ज्यांना देश नाही, सैन्य नाही, परराष्ट्र खातं नाही, अशा लोकांनी कागदपत्रांच्या जोरावर एक सीमावाद जिंकला. आणि त्यानंतर दोनच वर्षांत विचुवकोव्स्की पेस्टलच्या कांड्या घेऊन याच तळ्याकडे वळले.

आता चित्रकाराकडे येऊ. विचुवकोव्स्की वॉर्सात शिकले, म्युनिकमध्ये शिकले आणि मग १८७७ ते १८७९ या काळात क्राकोवमध्ये यान मातेयको यांच्या हाताखाली. मातेयको म्हणजे त्या काळातलं पोलिश चित्रकलेतलं सर्वांत मोठं नाव. देश नाही तर इतिहास तरी जिवंत ठेवू, अशा जिद्दीनं त्यांनी प्रचंड ऐतिहासिक चित्रं काढली. विचुवकोव्स्की त्यांच्याकडे होते त्याच काळात, १८७८ मध्ये, त्यांचं 'ग्रुन्वाल्डची लढाई' पूर्ण झालं. चार मीटरांहून उंच, नऊ मीटरांहून रुंद. घोडे, भाले, झेंडे, शेकडो माणसं, कुठं बोट ठेवायला जागा नाही. या गुरूचा विद्यार्थी पंचवीस वर्षांनी एकही माणूस नसलेले डोंगर काढतो, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. त्याला गुरूशी भांडायचं होतं असं नाही. पण मधल्या काळात त्यानं बरंच काही पाहिलं होतं. युक्रेनमध्ये तो सुमारे दहा वर्षं राहिला, शेतात राबणारी माणसं आणि नदीतले कोळी त्यानं भर उन्हात रंगवले. १८८९ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथं इंप्रेशनिस्टांचा प्रकाश त्यानं पाहिला, तो त्याच्या युक्रेनच्या चित्रांत सरळ दिसतो.

१८९५ मध्ये क्राकोवच्या कलाशाळेत नवे संचालक आले, यूलियान फावात. त्यांनी जुनी घडी मोडून नव्या दमाचे शिक्षक आणले, त्यांत विचुवकोव्स्की होते. १९११ पर्यंत ते तिथं शिकवत होते. या फावात यांच्याबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण बर्फ रंगवण्यात त्यांचा हात धरणारा पोलंडमध्ये कुणी नव्हता, आणि दोघांची पद्धत अगदी उलट होती.

फावात जलरंगांचे उस्ताद. तुमच्यापैकी जे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसले असतील त्यांना आठवत असेल : पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो. पांढरं म्हणजे कोरा कागद. तो आधीपासून राखून ठेवावा लागतो. एकदा ब्रश फिरला की गेला. फावात बर्फ असाच 'काढत'. म्हणजे काढतच नसत. सावली काढत, काळी वळणदार नदी काढत, झुडपांच्या काड्या काढत, आणि मध्ये उरलेला कागद आपोआप बर्फ होऊन जाई. तेलरंगांतसुद्धा त्यांचा विचार असाच चाले.

विचुवकोव्स्कींनी तात्रासाठी पेस्टल घेतलं. पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी, त्यात नावापुरता डिंक, आणि त्याच्या वळलेल्या कांड्या. शाळेतले तेलकट पेस्टल नव्हेत, हे कोरडे, खडूसारखे. हा रंग अपारदर्शक असतो. गडद रंगावर फिका रंग बेलाशक चढवता येतो. त्यामुळे इथं बर्फ राखून ठेवायचा नसतो, तो शेवटी येतो. आधी खडकाचा काळा-तपकिरी-जांभळा ढीग, पाण्याचा गर्द हिरवा-निळा डाग, आणि मग त्यावर फिक्या कांडीचा आडवा, दाबून ओढलेला फटकारा. म्हणजे प्रत्यक्षात जसं घडतं तसंच : आधी डोंगर असतो, मग त्यावर बर्फ पडतो. हे वाचायला सोपं वाटतं, पण चित्रात त्याचा परिणाम मोठा आहे. फावात यांचा बर्फ हलका, हवेसारखा वाटतो. विचुवकोव्स्कींचा बर्फ जड वाटतो. त्याला वजन आहे, तो खाली कोसळू शकतो असं वाटतं.

आणि पेस्टलचा एक व्यवहारातला फायदाही सांगून टाकतो. थंडीत जलरंगाचं पाणी गोठतं, तेलरंग घट्ट होतो. पेस्टलला ना पाणी लागतं, ना तेल, ना वाळायला वेळ. धुकं सरकलं, उजेड बदलला की लगेच दुसरी कांडी उचलायची. डोंगरात हवा घटकेत बदलते, तिथं हे फार कामाचं.

बर्फाचा रंग कोणता, हा प्रश्न तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगतो. स्वच्छ बर्फ त्याच्यावर पडणारा सगळा उजेड जवळजवळ जसाच्या तसा परत पाठवतो. म्हणून उन्हातला बर्फ उन्हाच्या रंगाचा दिसतो, संध्याकाळी केशरी-गुलाबी. सावलीतल्या बर्फावर सूर्य पोचत नाही, पण वरचं आकाश पोचतं, म्हणून तो निळा दिसतो. इंप्रेशनिस्टांनी या निळ्या सावल्या रंगवल्या तेव्हा पॅरिसमध्ये लोक हसले होते. विचुवकोव्स्कींना हे सगळं ठाऊक होतं. १८९८ मध्ये त्यांनी गिएवोन्त हा झाकोपानेवरचा डोंगर सूर्यास्ताच्या उजेडात रंगवला होता. पण मोर्स्किए ओकोच्या चित्रांत क्षणाचा उजेड पकडण्याची ती धडपड मागे पडलेली दिसते. इथं महत्त्व आहे आकाराला. मोठे, सपाट, गडद आकार आणि त्यांना कापत जाणारे फिके पट्टे.

हे कुठून आलं? सेझानकडून? आमच्या मते त्याहून जवळचा रस्ता जपानचा आहे. क्राकोवमध्ये तेव्हा फेलिक्स यासेन्स्की नावाचे एक गृहस्थ होते. जपानी छापचित्रांचं त्यांना इतकं वेड की होकुसाईच्या 'मांगा' या चित्रसंग्रहावरून त्यांनी 'मांग्घा' हे टोपणनावच घेतलं. १९०१ मध्ये त्यांनी आपला संग्रह वॉर्सामध्ये लोकांपुढे मांडला. लोकांनी टिंगल केली. ते चिडले आणि क्राकोवला आले. पुढे १९२० मध्ये त्यांनी जवळजवळ १५,००० वस्तूंचा आपला सारा संग्रह क्राकोवच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकला. टिंगल करणाऱ्यांच्या पदरात काही पडलं नाही! विचुवकोव्स्की त्यांचे जवळचे मित्र. हा संग्रह त्यांच्या रोजच्या बघण्यातला होता.

होकुसाई, हिरोशिगे यांच्या चित्रांत काय असतं? बघणारा उंचावर असतो. दृश्य कडेला बेधडक कापलेलं असतं. जवळचं आणि दूरचं यांच्यामधली पायरी गाळलेली असते. आणि एकच डोंगर वेगवेगळ्या हवेत, वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा येतो. होकुसाईचा फुजी आठवा. आता विचुवकोव्स्कींकडे बघा. चार्नी स्तावच्या उंचीवरून खाली बघितलं की मोर्स्किए ओको पायाशी पडल्यासारखं दिसतं. आकाश वरच्या कडेला ढकललं जातं किंवा चित्राबाहेरच राहतं. क्षितिज नाही म्हटल्यावर डोळ्याला सुटका नाही. नजर कड्यावरून घसरते ती थेट पाण्यात. नेहमीच्या निसर्गचित्रात आपण दृश्यासमोर आरामात उभे असतो. इथं आपल्याला पाय रोवायला जागाच दिलेली नाही.

या चित्रांना 'पोस्ट-इंप्रेशनिस्ट' म्हणायचं का? म्हणायला हरकत नाही, पण एवढं लक्षात ठेवा की हा शब्द रॉजर फ्राय यांनी लंडनमधल्या प्रदर्शनासाठी १९१० मध्ये घडवला. चित्रं आधीची. पोलंडमध्ये या पिढीला 'तरुण पोलंड' म्हणतात. पाटी कोणती लावायची यावर आम्ही जास्त वेळ घालवणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. ही देशभक्तीची चित्रं आहेत का? पोलंडमध्ये तात्राच्या चित्रांकडे तसं बघण्याची सवय जुनी आहे : डोंगर म्हणजे स्वातंत्र्य, कडे म्हणजे न झुकणारं राष्ट्र वगैरे. आम्हाला हे सरसकट पटत नाही. विचुवकोव्स्कींनी तळ्याकाठी झेंडा काढला नाही, पोलिश डोंगरकऱ्याला त्याच्या नक्षीदार पोशाखात उभं केलं नाही. तसं करणं सोपं होतं आणि गिऱ्हाईकही मिळालं असतं. खटल्यातला पुरावा दाखवावा असं या चित्रांत काही नाही. हद्द कुठून जाते ते तर मुळीच कळत नाही.

पण उलट टोकाला जाऊन 'हा केवळ रंग-आकारांचा खेळ' असंही म्हणता येत नाही. १९०५ मध्ये क्राकोवच्या प्रदर्शनात ज्यानं हे तळं पाहिलं, त्यानं तीन वर्षांपूर्वी त्याच्याबद्दल रोज वृत्तपत्रांत वाचलं होतं. त्या माणसासाठी तळ्याचं नावच पुरेसं होतं. बाकीचं सगळं तो स्वतः घेऊन येत होता. आमच्या मते विचुवकोव्स्कींनी नेमकं हे ओळखलं होतं. मातेयकोंना प्रत्येक गोष्ट सांगावी लागत होती, कारण त्यांचे प्रसंग चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे. शिष्याला काहीच सांगावं लागलं नाही. म्हणून तो सारं लक्ष घळीतल्या बर्फावर देऊ शकला.

आणि तो बर्फ निरुपद्रवी नव्हता, हेही सांगायला हवं. ८ फेब्रुवारी १९०९ ला मिएचिस्वाव कार्वोविच हा संगीतकार तात्रामध्ये हिमकड्याखाली सापडून गेला. वय ३२. स्की करायचा, डोंगरात फिरून फोटो काढायचा, त्या दिवशी एकटा गेला होता. त्याच वर्षी तिथलं पर्वत-बचाव पथक अधिकृतपणे उभं राहिलं. त्या पिढीनं ही चित्रं बघताना तेही मनात आणलं असणार. मघाशी आम्ही बर्फाच्या वजनाबद्दल बोललो ते एवढ्यासाठी.

१९०६ मध्ये विचुवकोव्स्कींनी याच डोंगरांवर छापचित्रांचा एक संच काढला. नंतर ते हळूहळू छापचित्रांकडेच वळले. देश स्वतंत्र झाल्यावर, १९२२ मध्ये, त्यांनी आपला मोठा संग्रह पोझ्नानच्या संग्रहालयाला दिला, आणि १९३६ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. बिद्गोश्च शहरातल्या संग्रहालयाला आज त्यांचंच नाव आहे. तिथं, पोझ्नानला आणि क्राकोवला त्यांची चित्रं आहेत. पण एक सूचना : पेस्टलची भुकटी धक्क्यानं झडते आणि कागदाला उजेड सोसत नाही, म्हणून संग्रहालयं अशी चित्रं कायम भिंतीवर ठेवत नाहीत. जाणार असाल तर आधी चौकशी करून जा, नाहीतर एवढ्या लांब जाऊन हात हलवत परत याल.

आता प्रश्न. एका श्रोत्यानं विचारलं आहे, मग आज ते तळं कुणाचं? तळं पोलंडचं. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी संपलं, पण ग्राझच्या लवादानं एकाच सम्राटाच्या राज्यात आखलेली ती रेघ राहिली आणि तीच दोन देशांमधली सीमा झाली, आधी पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यामधली, आता पोलंड आणि स्लोव्हाकिया यांच्यामधली. शेजारच्या याव्होरिनावरून पुन्हा वाद झाला, तो १९२३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. २००७ च्या डिसेंबरात दोन्ही देश शेंगेन व्यवस्थेत आले. तेव्हापासून मोर्स्किए ओकोवरून निघून, चार्नी स्ताव ओलांडून, रिसीच्या माथ्यावरून पलीकडे स्लोव्हाकियात उतरता येतं. वाटेत तपासणी नाके नाहीत. घळींत बर्फ किती आहे तेवढं मात्र आधी विचारून घ्यावं लागतं.